चोकशिवाय थंड इंजिन कसं सुरू करायचं? (कार्ब्युरेटरवाल्या किटकार)

रिकामा_फ्लोट

जोडणी अशी: लोटस सेव्हन छापाची किटकार (सुटे भाग जोडून बनवलेली), फोर्ड पिंटो इंजिन, १९९३ सीसी. दोन ४५ डीसीओई वेबर साइडड्राफ्ट (दोन-दोन बॅरलचे आडवे कार्ब), व्हेंच्युरी (बॅरलमधला अरुंद गळा) ३६ मिमी, पंप जेट ४०. कॅम २८५ अंशांचा. मागे इलेक्ट्रिक पंप, पुढे रेग्युलेटर ३ पीएसआयवर. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, स्थिर टायमिंग १२ अंश. कार्बच्या कोल्ड स्टार्ट लिव्हरना केबल नाही, दोन्ही बंद स्थितीत तारेने बांधलेले.

इंजिन गरम असेल तर चावी फिरवताच सुरू. रात्रभर उभं राहिलं आणि पारा ८-१० अंशांवर असला की सेल्फ वीस-तीस सेकंद मारावा लागतो. मग एखाद-दोन सिलिंडर फटफटतात, कार्बच्या तोंडातून "ठो" होतं आणि पुन्हा शांत. त्यानंतर प्लग काढले तर ओले.

प्रश्न तीन. पेडल किती वेळा मारायचं? सेल्फ मारताना पाय पेडलवर ठेवायचा की नाही? आणि ते बांधून ठेवलेले लिव्हर सोडवण्यात काही राम आहे का?

---

मंदगती_जेट

आधी शब्दांचा घोळ मिटवू, नाहीतर पुढे सगळा गोंधळ. डीसीओईवाले "चोक" म्हणतात ते आतल्या व्हेंच्युरीला. तुमचा ३६ चा चोक शाबूत आहे. नाही ती हवा अडवणारी झडप, आणि ती डीसीओईत कधीच नव्हती. तिच्याऐवजी वेगळं कोल्ड स्टार्ट सर्किट असतं. त्यावर नंतर येतो.

आता थंड इंजिनाला नेमकं काय हवं ते बघू. १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे पुस्तकी प्रमाण, पण ठिणगी पेटवते ती वाफ. भिंतीला चिकटलेलं ओलं पेट्रोल तिच्या काही कामाचं नाही. गार मॅनिफोल्डमध्ये दिलेल्या पेट्रोलपैकी थोडाच, सहज उडणारा भाग वाफ होतो. बाकीचं पोर्टच्या भिंतीवर ओघळतं. म्हणून थंडीत आपण मिश्रण "रिच" (पेट्रोल जास्त) करतो ते पेट्रोल जास्त जळावं म्हणून नाही, वाफ पुरेशी व्हावी म्हणून.

हिशेब मांडतो. एक सिलिंडर ५०० सीसी. भरून हवा आली तर साधारण ०.६ ग्रॅम. तिला १४.७ ने भागलं तर ०.०४ ग्रॅम पेट्रोल, म्हणजे ०.०५५ सीसी. एवढीशी वाफ लागते. थंडीत पाचातला एकच भाग वाफ होतोय असं धरलं तर पहिल्या धमाक्यासाठी पाव सीसीच्या आसपास पेट्रोल पोर्टमध्ये हवं. एका सिलिंडरला पाव सीसी, चमचाभर नव्हे. "ओतलं की सुरू होतं" म्हणणारे नेमके इथे चुकतात.

हे पाव सीसी आणणार कोण? सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम दीडशे-दोनशे फेरे घेतं. ३६ च्या व्हेंच्युरीतून हवा इतकी सुस्त जाते की मेन जेटमधून (जास्त फेऱ्यांवर पेट्रोल देणारं भोक) थेंबही उचलला जात नाही. मंद फेऱ्यांसाठीचा आयडल जेट थोडंफार देतो, पण तो गरम इंजिनाच्या मापाने निवडलेला. राहिला ॲक्सिलरेटर पंप. तुमच्या गाडीत चोकचं काम तोच करतो.

तो कसा चालतो ते कळलं की पेडल कसं मारायचं हे आपोआप कळतं. पेडल दाबलं की पंपाचा दांडा मोकळा होतो आणि स्प्रिंग पिस्टनला खाली ढकलते. पेट्रोल पंप जेटमधून बॅरलमध्ये उडतं. फ्लोट चेंबरच्या (कार्बमधली पेट्रोलची छोटी टाकी) तळाच्या इनलेट व्हॉल्व्हला बहुतेक कार्बमध्ये बारीकसं परतीचं भोक असतं. पेडल हळूहळू दाबलं तर बरंचसं पेट्रोल त्या भोकातून परत चेंबरमध्ये जातं आणि बॅरलला काहीच मिळत नाही. आणि घाईघाईने टपटप पाच वेळा मारलं तर पिस्टनखाली पेट्रोल भरायला वेळच मिळत नाही, पाचात दोनच धड होतात. तेव्हा झटकन पूर्ण दाबा, एक सेकंद थांबा, सोडा, परत एक सेकंद थांबा. हा एक झटका.

क्रम असा ठेवा. इग्निशन चालू करा, सेल्फ अजून नाही. इलेक्ट्रिक पंपाची टकटक ऐका. फ्लोट रिकामे असतील तर ती भरभर असते, भरत आले की मंदावते. मंदावेपर्यंत थांबा, दहा सेकंद लागोत की वीस. मग झटके: २० अंशांच्या वर दोन, १० ते २० मध्ये तीन-चार, त्याखाली पाच-सहा, शून्याजवळ आठ. पाय पूर्ण काढा आणि सेल्फ मारा, एका वेळी आठ-दहा सेकंदांहून जास्त नाही. पेटलं की पेडल अलगद धरून १५०० वर ठेवा. नाही पेटलं तर अर्धा मिनिट थांबून दोन झटके आणखी, आणि पुन्हा. हे आकडे सुरुवातीचे समजा. प्रत्येक इंजिनाचा आपला एक आकडा असतो, तो चार-पाच सकाळींत सापडतो.

---

पाना_तेरा

क्रम बरोबर, पण दोन ठिकाणी माझं वेगळं मत.

एक, सगळे झटके सेल्फच्या आधी मारू नका. हवा स्थिर असताना उडवलेलं पेट्रोल पोर्टच्या तळाशी डबकं करून बसतं. साइडड्राफ्ट मॅनिफोल्डचा उतार इंजिनाकडे असतो, म्हणजे ते इनटेक व्हॉल्व्हच्या डोक्यावर साचतं, आणि ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असेल तिथे थेट आत उतरून सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं. दोन झटके आधी, उरलेले सेल्फ फिरत असताना. हलत्या हवेत फवारा फुटतो आणि वाफ चांगली होते.

दोन, पाय पूर्ण काढू नका. पेडल पाऊण-एक सेंटिमीटर दाबलेलं ठेवा. थ्रॉटलची पाती किंचित उघडली की तिच्या कडेपाशी असलेली प्रोग्रेशनची भोकं उघडी पडतात आणि आयडल सर्किट एकाऐवजी दोन-तीन तोंडांनी पेट्रोल देतं.

---

मंदगती_जेट

पहिला मुद्दा मान्य, ८-१० अंशांच्या खाली तर नक्कीच. दुसऱ्यावर एक अट घालतो. पाव सेंटिमीटर इकडेतिकडे झालं की डाव उलटतो. पाती जास्त उघडली की मॅनिफोल्डमधली ओढ जाते, आयडल सर्किट गप्प बसतं, मेन जेट तर आधीपासूनच गप्प. मग इंजिन नुसती हवा गिळतं. ज्याचा पाय स्थिर राहत नाही त्याने पाय काढून ठेवावा आणि आयडलच्या स्क्रूनेच पाती योग्य जागी असेल असं बघावं. गरम झाल्यावर १०००-११०० वर आयडलिंग ठेवलं असेल तर २८५ च्या कॅमला ती जागा बहुधा बरोबर येते.

---

ठिणगी_निळी

पेट्रोलवर तीन पानं झाली, विजेवर एक ओळ नाही! वीस-तीस सेकंद सेल्फ आणि शेवटी ओले प्लग, म्हणजे पेट्रोल पोचतंय आणि पेटत नाहीये. पहिल्यांदा मल्टिमीटर काढा.

सेल्फ फिरत असताना कॉइलच्या प्लसवर किती व्होल्ट आहेत? बॅटरीवर सेल्फच्या भाराखाली ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी किंवा केबल संशयित. कॉइल बॅलास्ट रेझिस्टरवाली (एरवी व्होल्टेज कमी करून देणारा रेझिस्टर) असेल तर सेल्फच्या वेळी रेझिस्टर वगळून थेट बारा व्होल्ट देणारी वायर असायलाच हवी. किटकारच्या वायरिंगमध्ये ती हमखास राहून जाते, कारण मूळ गाडीत ती सॉलेनॉइडवरच्या एका जादा टोकाला असते आणि नव्या सॉलेनॉइडला ते टोकच नसतं.

मग अर्थिंग. किटकारचं अर्धं दुखणं इथे असतं. बॉडी फायबरची, चॅसिसवर पावडर कोटिंग, इंजिन रबरी माउंटवर. सेल्फचा करंट परत बॅटरीकडे जाणार कुठून? बॅटरीच्या मायनसवर एक प्रोब, इंजिनच्या ब्लॉकवर दुसरा, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी बदला. पट्टीच्या टोकाखालचा रंग खरवडून उघडं लोखंड दिसलं पाहिजे, वर दातेरी वॉशर आणि मग ग्रीस. अर्थ खराब असल्याची एक गमतीशीर खूण: सेल्फ मारल्यावर थ्रॉटलची केबल कोमट लागते. करंटला दुसरी वाट नसली की तो केबलमधून जातो.

बॅटरी मागे डिकीत असेल तर पुढेपर्यंतची केबल ३५ चौरस मिमीहून बारीक नको.

प्लगचं अंतर मॉड्यूलवर ०.८ ते ०.९ मिमी. पॉइंट असते तर ०.६-०.७ म्हटलं असतं. रेसचे थंड ग्रेडचे प्लग घातले असतील तर एक ग्रेड गरम घ्या. एनजीकेत आकडा जितका लहान तितका प्लग गरम, बॉशमध्ये बरोबर उलटं. रस्त्यावरच्या इंजिनाला फार थंड प्लग दिला की तो स्वतःची काजळी जाळू शकत नाही आणि सकाळी पहिल्या ओलाव्यातच ठिणगी काजळीवरून पळून जाते.

टायमिंग १२ ठीक आहे. काहीजण तिखट कॅमसाठी स्थिर १८-२० करतात; त्याने आयडलिंग सुधारतं, पण सेल्फवर इंजिन उलटा झटका मारतं. डिस्ट्रिब्युटरऐवजी ईडीआयएस (फोर्डचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) वापरणाऱ्यांना ही काळजी नाही, ते सुरू होताना १० अंशच देतं.

---

रिकामा_फ्लोट

मोजलं. सेल्फवर बॅटरी १०.१, कॉइलवर ८.८. ब्लॉक ते बॅटरी मायनस ०.९ व्होल्ट. पट्टी चॅसिसच्या पावडर कोटिंगवरच आवळलेली होती. खरवडून बसवली, शिवाय ब्लॉक ते बॅटरी मायनस दुसरी थेट केबल टाकली. आता कॉइलवर १०.३ आणि सेल्फ फिरतोही चांगला.

फरक मोठा पडला, पण अजून दहा-बारा झटके लागतात आणि सुरू झाल्यावर पहिला मिनिटभर तिसरं सिलिंडर थंड. एक्झॉस्टच्या पाइपवर पाण्याचा थेंब टाकला तर तिथे तो तसाच बसून राहतो.

---

पाना_तेरा

थेंबाची युक्ती बरोबर वापरलीत. आता एअर फिल्टर काढा, इग्निशन बंद, पंप दहा सेकंद चालवून बंद, आणि टॉर्च घेऊन चारही तोंडांत बघत दुसऱ्याला पेडल मारायला सांगा. प्रत्येक बॅरलमध्ये पंप जेटमधून सुईसारखी सरळ धार थ्रॉटलच्या फटीकडे जायला हवी. धार तुटक, तिरकी किंवा नुसतीच ओघळणारी दिसली तर तो जेट काढा. चारही धारा एकाच वेळी सुरू होतात का तेही बघा. एका कार्बच्या दोन्ही धारा उशिरा येत असतील तर दोन कार्बमधली जोडणी ढिली आहे किंवा त्या कार्बचा पंप पिस्टन झिजलाय.

तिसऱ्याची धार खराब निघाली तर बहुधा जेट नव्हे, त्यामागचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह चिकटला असेल. एक बारीक गोळी, तिच्यावर एक छोटं वजन, वर स्क्रू. पेट्रोल महिनाभर वाळलं की मागे उरणारा मधासारखा चिकट थर गोळीला धरून ठेवतो. कार्ब क्लीनर मारा, पण गोळी आणि वजन हातात पडण्याआधी खाली पांढरं फडकं अंथरा. गोळी एवढीशी आहे की मॅनिफोल्डमध्ये गेली तर हेड काढायची वेळ येते. स्क्रूखालचं ॲल्युमिनियमचं वॉशर नवं घाला, नाहीतर तिथून हवा ओढली जाते आणि धार फुसकी होते.

जेटमध्ये तार घालू नका. फुंका किंवा कंप्रेसरची हवा मारा.

---

चौकडी_कार्ब

बाइकचे कार्ब लावणाऱ्यांसाठी मध्येच लिहितो, कारण वरचं बरंचसं त्यांना लागूच होत नाही. मिकुनी, केहिनचे सीव्ही कार्ब, म्हणजे ज्यात व्हॅक्यूमवर स्लाइड उचलली जाते, त्यांतल्या बहुतेकांना ॲक्सिलरेटर पंप नसतो. पेडल पन्नास वेळा मारा, बॅरलमध्ये थेंब पडणार नाही.

पण या कार्बना एनरिचर असतो, लोक त्यालाच चोक म्हणतात. चारही कार्बना एकेक छोटा प्लंजर, वरून सगळ्यांना उचलणारी एक पट्टी. कारमध्ये बसवताना बाइकची केबल निघून जाते आणि पट्टी तशीच मोकळी सोडतात. तिथे साधी बाउडन केबल लावा आणि डॅशवर ओढायची मूठ. विषय संपला.

एनरिचर थ्रॉटलच्या पुढच्या, इंजिनाकडच्या बाजूला उघडतो, म्हणून त्याला मॅनिफोल्डची पूर्ण ओढ हवी. पेडलला पाय लावला की ओढ कमी आणि एनरिचर निकामी. बाइक कार्बवर सुरू करताना पाय जमिनीवर, यात चर्चा नाही.

प्रेशर २ ते २.५ पीएसआय. यांच्या सुया गुरुत्वाने येणाऱ्या किंवा अगदी हलक्या पंपाच्या पेट्रोलसाठी केलेल्या असतात. ४-५ दिलं तर सुई उचलून पेट्रोल थेट इंजिनात. आणि पट्टी परत बसल्यावर चारही प्लंजर खरंच बसतात का ते बघा. टोकाचं रबर कडक झालं की एखादा कायम गळतो आणि लोक महिनोन्‌महिने "एकच सिलिंडर काळा का" म्हणून जेट बदलत बसतात.

---

डॅशपॉट

एसयू कार्बचंही दोन ओळींत. पंप नाही, पेडल मारणं व्यर्थ. त्यांच्या एचएस प्रकारात चोकची केबल हवा अडवत नाही, ती जेट खाली ओढते आणि सुईभोवतीची जागा मोठी होते. केबल नसेल तर बॉनेट उघडून जेटचा लिव्हर हाताने ओढा, सुरू करा, सोडा. लिव्हरच्या थोड्याशा हालचालीत फक्त फास्ट आयडलचा स्क्रू लागतो आणि त्यापुढे जेट उतरतं, म्हणून अर्धवट ओढून उपयोग नाही. एचआयएफ प्रकारात जेट हलत नाही, बाजूला फिरणारा एनरिचमेंट व्हॉल्व्ह असतो. डॅशपॉटमध्ये तेल नसेल तर सुरू झाल्यावर पेडलला हात लावताच इंजिन बसतं. थंडीत हा दोष चोकवर ढकलला जातो.

---

मंदगती_जेट

आता ते तारेने बांधलेले लिव्हर. राम आहे, नक्की आहे, एका अटीवर.

डीसीओईचं कोल्ड स्टार्ट म्हणजे आत एक छोटा स्वतंत्र कार्बच. त्याचा स्वतःचा स्टार्टर जेट, स्वतःची हवेची वाट, आणि दोन बॅरलमध्ये थ्रॉटलच्या इंजिनाकडच्या बाजूला निघणारी तोंडं. लिव्हर ओढला की दोन छोटे पिस्टन-व्हॉल्व्ह वर उचलले जातात. बाइकच्या एनरिचरसारखंच हेही फक्त थ्रॉटल बंद असताना काम करतं. म्हणून लिव्हर जोडले तर आधीची सवय सोडा: झटके फार तर एक-दोन, लिव्हर पूर्ण ओढलेला, पाय पेडलपासून दूर, सेल्फ. पेटलं की अर्धा मिनिट, मग लिव्हर अर्ध्यावर, मिनिटभरात पूर्ण बंद.

पंपाचा झटका एकदाच मिळतो, पोर्ट कोरडं पडलं की इंजिन बसतं. लिव्हर मात्र सतत देत राहतो, म्हणून शून्याच्या आसपास तो जोडणं फायद्याचं. पंधरा अंशांच्या वर तुम्हाला त्याची गरज पडणार नाही.

अट अशी की दोन्ही लिव्हर एकाच वेळी, पूर्ण परत बसले पाहिजेत. एक केबल दोन लिव्हरला ओढते, म्हणून मध्ये विभागणारा छोटा तुकडा लागतो आणि दोन्ही टोकांना पिंच बोल्ट. केबल सोडल्यावर प्रत्येक लिव्हरला दीडेक मिमी ढिलाई राहू द्या. ती नसली तर तापमानाने केबल ताणली जाते, व्हॉल्व्ह केसभर उचललेले राहतात आणि तुम्ही आयडल मिक्श्चरचे स्क्रू फिरवत बसता. स्क्रू पूर्ण आत आवळूनही इंजिनाला फरक पडत नसेल तर आधी हे बघा.

---

पाना_तेरा

स्क्रूवरून आठवलं. नव्या डीसीओईंचे, १५१-१५२ प्रकार क्रमांकवाले, मिक्श्चर स्क्रू बारीक आट्यांचे. ते सुमारे अडीच फेरे बाहेर ठेवून सुरुवात करतात. जुन्यांचे आटे जाड, त्यांना पाऊण ते एक फेरा. जुन्या कार्बला कोणाचं तरी वाचून अडीच फेरे दिले की आयडलिंग अतिरिच, आणि थंडीत "चोक न लावता पटकन सुरू होते" म्हणून मालक खूश! प्लग मात्र आठवड्यात काळे.

---

ठिणगी_निळी

ओल्या प्लगवर काय करायचं तेही इथेच लिहून ठेवू.

फ्लड झालं की पेडल एकदाच, हळूहळू, पूर्ण खाली. झटका नको, नाहीतर पंप आणखी एक पिचकारी मारतो. ते तसंच दाबून धरून सात-आठ सेकंद सेल्फ. मंदगतीने वर लिहिलंय की पाती उघडी असली की आयडलही गप्प आणि मेनही गप्प, तोच गुण इथे कामाला येतो: इंजिन नुसती हवा ओढून पोर्ट वाळवतं. मधेच एखादं सिलिंडर पेटलं तर पेडल सोडू नका, तीन-चार धमाके होऊ द्या, मग अर्ध्यावर या.

तेवढ्यानेही जमलं नाही तर प्लग काढा, पुसा, वाळवा. प्लग बाहेर असताना इंजिन दोन-तीन सेकंद फिरवायचं तर आधी कॉइलची लो-टेन्शन वायर काढून ठेवा. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा येतो आणि उघडी ठिणगी शेजारीच असते.

सेल्फ मारायच्या आधी, नुसता पंप चालू असताना ऑक्झिलरी व्हेंच्युरीतून (मेन जेटचं पेट्रोल जिथून बाहेर येतं ती आतली छोटी व्हेंच्युरी) थेंब गळतोय का हेही बघा. गळत असेल तर सुई बसत नाहीये किंवा प्रेशर जास्त आहे. डीसीओईला ३ पीएसआय पुष्कळ, ३.५ च्या वर नको. रात्रभर असं गळलं तर सकाळी डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो आणि तेलाची पातळी "वाढलेली" दिसते. तसं तेल घेऊन एक किलोमीटरही चालवू नका, आधी बदला.

---

चौकडी_कार्ब

आणि तो "ठो". लीन (पेट्रोल कमी असलेलं) मिश्रण हळू जळतं, इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळतच असतं आणि ज्योत मागे कार्बमध्ये येते. पंपाच्या झटक्यांनी ओल्या झालेल्या उघड्या ट्रंपेटवर (कार्बच्या तोंडाची कर्ण्यासारखी नळी) ती आली तर आग लागते. म्हणून फिल्टर काढून सुरू करायची सवय नको. फोमचा फिल्टर पेट्रोलने भिजला असेल तर तोही काढून वाळवा.

तोंडात ज्वाळा दिसली तर सेल्फ थांबवू नका, फिरवत राहा, इंजिन ती आत ओढून घेतं. त्याच क्षणी पेट्रोल पंप बंद. यासाठी पंपाचा वेगळा स्विच हाताशी हवा. विझली नाही तर अग्निशामक, आणि तो डिकीत नव्हे, हाताशी. तळहाताने ट्रंपेट झाकून "हाताचा चोक" करणारेही असतात. हवा अडते, ओढ वाढते, पेट्रोल येतं हे खरं. पण "ठो" तळहातावरच होतो.

---

रिकामा_फ्लोट

पंपाच्या स्विचवरून प्रश्न. माझा पंप रिलेवर आहे, जो इग्निशनचे पल्स थांबले की पंप बंद करतो. चावी लावल्यावर दोनच सेकंद चालतो. टकटक मंदावण्याआधीच थांबतो.

आणि इथरचा स्प्रे वापरावा का?

---

मंदगती_जेट

रिले अजिबात काढू नका, अपघातात इंजिन थांबलं की पंप थांबवणारा तोच आहे. त्याला समांतर एक दाबून धरायचं बटण लावा, सोडलं की सुटणारं. पंधरा सेकंद धरलं की फ्लोट भरले. टॉगल स्विच नको, तो चालूच राहतो आणि मग रिलेला अर्थ उरत नाही. दोन आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीचे फ्लोट बऱ्याचदा कोरडेच असतात. तेव्हा हे बटण नसेल तर पेडल मारून उडते ती हवा.

इथर: एक सेकंद, फिल्टरच्या बाहेरून, आणि पेट्रोल पोचतंय याची खात्री झाल्यावरच. इथर इतक्या सहज पेटतं की कधी ठिणगीआधीच भडकतं आणि पिस्टनला उलटा दणका बसतो. रोजचा उपाय म्हणून नको. दोष लपतो आणि सिलिंडर कोरडे होतात.

---

डॅशपॉट

पेट्रोलच्या वयाकडेही बघा. सुरुवातीला उडणारा हलका भाग टाकीतूनच उडून जातो. तीन-चार महिने पडून असलेलं पेट्रोल गरम इंजिनात मजेत जळतं, थंडीत वाफ देत नाही. झटके दुप्पट करूनही उपयोग नाही, कारण वाफ होणारा भागच उरलेला नाही.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा त्रास वेगळा. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, ती ते पोर्टमधूनच ओढून घेतं. शिवाय तेवढ्याच हवेला असं पेट्रोल मुळात जास्त लागतं. वीस टक्के इथेनॉलला १४.७ चं प्रमाण साधारण १३.५ वर येतं. जुन्या पेट्रोलवर जेट केलेला कार्ब त्यावर आपोआप लीन होतो, आणि लीनपणा आधी थंडीतच टोचतो. आयडल जेट एक पायरी वर न्या.

---

पाना_तेरा

सुरू झाल्यानंतरचं कोणी लिहिलं नाही. चोक नाही म्हणजे फास्ट आयडलही नाही, आणि २८५ चा कॅम थंडपणी ९०० वर टिकत नाही. पायाने धरून बसण्यापेक्षा हँड थ्रॉटल लावा: चोकची जुनी, पीळ देऊन अडकणारी केबल आणि थ्रॉटलच्या लिव्हरवर ढिली बसणारी एक कडी, म्हणजे पेडल दाबताना ती आड येणार नाही. १५००-१८०० वर दीड-दोन मिनिटं, मग गाडी हळू चालवा. उभ्या उभ्या दहा मिनिटं गरम करण्यात फायदा नाही, भाराखाली इंजिन लवकर तापतं. पिंटोत तर ७००-८०० वर रेंगाळणं कॅमच्याच मुळावर येतं. कॅमला तेल वरच्या स्प्रे बारमधून (भोकं पाडलेली नळी) मिळतं आणि कमी फेऱ्यांत ते पुरत नाही. बारची भोकं एकदा मोकळी करून घ्या.

लॅम्डा मीटर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण दाखवणारा) लावला असेल तर पहिले दोन मिनिटं त्याकडे बघू नका. न पेटलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन सेन्सरवर जातो आणि रिचमुळे मिस मारणारं इंजिनही तो लीन दाखवतो.

आणखी एक. सुरू होऊन तीन-चार मिनिटं छान चाललं आणि मग दमट हवेत, ५-१० अंशांत, इंजिन बसायला लागलं, थोडं थांबल्यावर परत ठीक झालं, तर तो कोल्ड स्टार्टचा दोष नाही. कार्बमध्ये बर्फ धरतोय. पेट्रोलची वाफ होताना पाती गोठते. त्याला जेट नाही, एक्झॉस्टजवळून गरम हवा ओढायची सोय लागते.

---

रिकामा_फ्लोट

तिसऱ्याची गोळी चिकटलेलीच होती. जेट स्वच्छ, पण डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या वजनावर तपकिरी थर. साफ करून नवं वॉशर घातलं, चारही धारा आता सारख्या. दाबून धरायचं बटणही बसवलं. टकटक मंदावायला अकरा सेकंद लागतात.

आज ९ अंशांवर: बटण पंधरा सेकंद, दोन झटके आधी, दोन सेल्फवर, पाय पूर्ण काढलेला. चौथ्या सेकंदाला पेटलं. पेडल सेंटिमीटरभर धरून काल केलं होतं, तेव्हा सात सेकंद लागले आणि एकदा "ठो" झाला. लिव्हरची तार अजून कापलेली नाही. दोन पिंच बोल्ट आणि विभागणारा तुकडा आला की जोडतो.

---

पाना_तेरा

सेंटिमीटरचं तुमच्या इंजिनापुरतं मागे घेतो. तार कापाल तेव्हा लिव्हरच्या परतीच्या स्प्रिंगाही बघा, वर्षानुवर्षं बांधलेल्या असतील तर त्या मेलेल्या असतात.